साहेब मध्यस्थ होऊ शकतो काय?

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आणल्या. त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध बरेच बोलले गेले. ही चर्चा बहुतेक कामगारकपातीची मर्यादा, संपाची नोटीस आणि कामाचे तास यांच्याभोवतीच फिरत राहिली. ते स्वाभाविकही होते. पोटाचा प्रश्न जिथे असतो तिथे माणसाचे लक्ष प्रथम जाते. तथापि औद्योगिक संबंध संहितेतील एका छोट्या कलमाकडे फारसे कोणी पाहिलेले दिसत नाही. वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, तीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, सभासद दहापेक्षा अधिक नसावेत, अध्यक्षपद दरवर्षी आळीपाळीने दोन्ही बाजूंकडे जावे, स्त्रियांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा मिळाव्यात आणि आलेल्या तक्रारीचे काम तीस दिवसांत पुरे व्हावे, असे हे कलम सांगते. याहून महत्त्वाची अट पुढे आहे. समितीचा निर्णय बहुमताने व्हावयाचा, परंतु कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिकांची त्याला संमती नसेल तर तो निर्णयच नव्हे. म्हणजे मालकाचे पाच आणि कामगारांतला फुटलेला एक, अशा सहा हातांनी एखादी तक्रार निकालात काढता येणार नाही. कायद्याने येथे निवाडा मागितलेला नाही, समेट मागितला आहे.

आता समेट घडविणे ही एक विद्या आहे, आणि ती आमच्याकडे कोणाला शिकविली जाते? कारखान्याच्या व्यवस्थापकाला उत्पादन शिकविलेले असते, बँकेच्या शाखाधिकाऱ्याला कर्जवसुली, मुख्याध्यापकाला वेळापत्रक आणि अनुदानाचे हिशेब. हाताखालच्या दोन माणसांत तेढ पडली म्हणजे काय करावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मग तो त्याला येत असलेले एकच काम करतो: मेमो देतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळीचे, चटईचे, प्लॅस्टिकच्या नळांचे कारखाने घ्या किंवा धुळ्याच्या बाजूचे घ्या. वीस माणसांची अट त्यांतील पुष्कळांना लागू पडेल. समितीचा फलक उद्या भिंतीवर लागेलही. वस्तुतः असे फलक लावण्याची संधी यापूर्वीही होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर कामगारांच्या कारखान्यात कार्यसमिती सांगितली होती, आणि २०१० च्या दुरुस्तीने वीस कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समितीही सांगितली होती. आपल्या ओळखीच्या किती ठिकाणी ती जिवंत पाहिली, हे वाचकांनी स्वतःशीच आठवून पाहावे.

प्रस्तुत लेखकाला या विषयाचा पहिला धडा एका रेल्वे फाटकाने दिला. असोदा हे जळगावला खेटून असलेले गाव. बहिणाबाई चौधरी यांचे माहेर म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि भरताच्या वांग्यांसाठी खानदेशाला. चाळीसएक वर्षांपूर्वी जळगावच्या कचेऱ्यांत, शाळांत आणि दुकानांत काम करणारी पुष्कळ मंडळी त्या रस्त्याने सायकलीवर येत. मध्ये फाटक. भुसावळकडे जाणारी मालगाडी गेली की तिकडून येणारी मेल, ती गेली की आणखी एक. फाटक पडले म्हणजे पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या हाती घड्याळ पाहण्यापलीकडे काही उरत नसे.

लेखक तेव्हा ज्या कचेरीत कनिष्ठ लिपिक होता तिथे एक नवे साहेब बदलून आले. सचोटीचे, हुशार आणि शिस्तीचे गृहस्थ. हजेरीपट साडेदहाला दहा मिनिटे झाली की त्यांच्या खोलीत जाई. तीन वेळा उशीर झाला की एक किरकोळ रजा कापली जाई. यात नियमबाह्य काही नव्हते. भर एवढीच की, दर सोमवारी उशिरा येणाऱ्यांची नावे ते उभे राहून सर्वांसमोर वाचून दाखवीत. असोद्याहून येणारे एक वरिष्ठ लिपिक होते, वीस वर्षांच्या नोकरीचे. लागोपाठ चार सोमवार त्यांचे नाव वाचले गेले. पाचव्या सोमवारपासून ते साहेबांशी बोलेनासे झाले आणि नियमाला धरून काम करू लागले. नियमाला धरून काम करणे हे कचेरीतील सर्वांत भयंकर हत्यार आहे, हे कारकुनी केलेल्यास सांगावयास नको. एका विधवेचे निवृत्तिवेतनाचे कागद एक तारीख चुकली म्हणून तीन वेळा परत गेले. तारीख खरोखरच चुकलेली होती. पूर्वी ती टेबलावरच दुरुस्त करून घेतली गेली असती.

हे चौदा महिने चालले. मेमो गेले, खुलासे आले, संघटनेचे पत्र गेले, त्याला उत्तर गेले, आणि उशिराच्या खुणांची फाइल हाताच्या पंजाएवढी जाड झाली. त्या फाइलीत फाटकाचा उल्लेख अनेकदा होता. दोन्ही पक्ष फाटकाविषयीच भांडत आहेत असे कोणालाही वाटले असते.

ते मिटविले एका निवृत्त हेडक्लार्कने. सर्वजण त्यांना आप्पा म्हणत. स्वतःच्या थकबाकीच्या कामासाठी ते येत, आणि पुष्कळ वेळ बसावे लागल्यामुळे पुष्कळ ऐकत. त्यांनी दोघांना एकत्र बसविले नाही, ही पहिली गोष्ट. ते लिपिकाच्या घरी असोद्याला गेले आणि साहेबांच्या बिऱ्हाडीही गेले. उशीर का होतो, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. तो फाइलीत हजार वेळा विचारलेला होता. त्यांनी लिपिकास विचारले, काय झाले म्हणजे तुमच्या मनातले जाईल? उत्तर असे आले की, कापलेल्या रजा परत नकोत. माझा भाचा याच कचेरीत शिपाई आहे, त्याच्यासमोर माझे नाव वाचले जाऊ नये. चौदा महिन्यांच्या पत्रव्यवहारात भाच्याचा शब्दही नव्हता. साहेबांकडूनही असेच फाइलीबाहेरचे निघाले. आधीच्या ठिकाणी त्यांनी चार माणसांना सवलत दिली, ती चाळीस जणांनी घेतली, आणि तपासणीत साहेबांवर ठपका आला. आपण पुन्हा ढिले ठरू, या एका भयाने ते सोमवारी उभे राहत.

तोड साधी निघाली. नावे वाचणे बंद. ज्याला उशीर झाला त्याला चिठ्ठी. फाटकापलीकडचे चौघे सायंकाळी वीस मिनिटे अधिक बसतील, आणि ही सोय त्यांच्यापुरतीच व तीन महिन्यांपुरतीच असल्याचा कागद साहेब आपल्या सहीने ठेवतील, म्हणजे तपासणीस कोणी आले तर दाखविता येईल. त्या हिवाळ्यात कचेरीची भरीत पार्टी असोद्याच्याच एका मळ्यात झाली. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली गेली, कळण्याच्या भाकरी आल्या, आणि साहेब पंगतीत बसले असता त्या लिपिकांनी त्यांच्या पानात भरीत वाढले. दोघे पुढे मित्र झाले असे मुळीच नाही. कागद मात्र परत जाईनासे झाले.

येथे एक प्रश्न वाचकांच्या मनात येईल. हे आप्पांनी केले ते साहेबांनीच का केले नाही? उत्तर असे की, ते करूच शकले नसते. ते स्वतः तंट्यातील एक पक्ष होते. ज्याच्या हाती गोपनीय अहवाल आहे, त्याच्यासमोर बसून कोणता लिपिक आपल्या भाच्याची गोष्ट सांगेल? व्यवस्थापकांसाठी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकांत हल्ली या विषयावर प्रकरणेच्या प्रकरणे असतात: शांतपणे ऐका, मान डोलवा, समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगा. सल्ला वाईट नाही. पण ऐकणाऱ्याच्या टेबलाच्या खणात काय आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक असते, ही गोष्ट त्या पुस्तकांत लहान अक्षरांत असते. म्हणून साहेबाने मध्यस्थी करावयाची ती हाताखालच्या दोघांच्या तंट्यात. ज्या तंट्यात तो स्वतः आहे त्यात त्याचे कौशल्य एकच: योग्य तिसऱ्या माणसाला वेळेवर मध्ये येऊ देणे. आमच्या साहेबांनी आप्पांना दाराबाहेर काढले नाही, हे त्यांचे मोठेच काम म्हटले पाहिजे. आप्पांची थकबाकी त्यांच्याच सहीला अडकलेली होती. नको त्या गोष्टीत पडू नका, असे ते सहज म्हणू शकले असते.

पुढे याच साहेबांनी दुसरा तंटा स्वतः मिटविला, तोही सांगण्याजोगा आहे. कचेरीत एक नवे टंकलेखन यंत्र आले आणि दोन टंकलेखिकांत त्यावरून बिनसले. साहेबांनी प्रथम दोघींना एकदमच खोलीत बोलाविले. ही चूक होती. समोरासमोर आल्यावर प्रत्येकीला आपली बाजू लढविण्यावाचून गत्यंतर राहिले नाही आणि बोलणे पाच वर्षांपूर्वीच्या एका रजेपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेकीला बोलाविले. थोरल्या बाईंना यंत्राशी फारसे कर्तव्य नव्हते. सेवाज्येष्ठता डावलली जाते आहे, एवढेच त्यांना लागले होते. धाकटीला टंकलेखनाची वरची परीक्षा द्यावयाची होती आणि जुन्या यंत्राचा ‘र’ अडकत असे. यंत्र ज्येष्ठ बाईंच्या नावावर चढले, आणि कचेरी सुटल्यावर तास दीड तास, परीक्षेपर्यंत, धाकटीकडे राहिले. एकीला मान हवा होता आणि दुसरीला सराव. दोघी एकाच वस्तूसाठी भांडत होत्या आणि तरीही दोघींना हवी असलेली वस्तू एक नव्हती.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२५ साली एका व्याख्यानात जवळजवळ हेच सांगितले होते. हार्वर्डच्या ग्रंथालयातील एका लहान खोलीत कोणाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतील खिडकी उघडली. त्यांचे म्हणणे असे की, ही तडजोड नव्हे. तडजोडीत दोघेही थोडेथोडे गमावतात. येथे एकाला ताजी हवा मिळाली आणि त्यांच्या पाठीवर उत्तरेचा वारा आला नाही. खिडकी अर्धी उघडी ठेवली असती तर दोघेही दिवसभर कुरकुरले असते. आमच्याकडे मध्यस्थी म्हणजे ‘थोडे तू सोड, थोडे तो सोडेल’ अशी समजूत रूढ आहे. निम्म्याने भागणारे तंटे असतात, नाही असे नाही. पगाराचे आकडे पुष्कळदा निम्म्यावरच येतात. परंतु मानाचा निम्मा भाग कसा काढणार?

ही झाली चार भिंतींच्या आतली गोष्ट. मोठ्या तंट्यांकडे पाहिले तर तोच दोष शंभर पट होऊन दिसतो. असोद्याहून फार लांब जावयास नको. भुसावळ जवळच आहे. रेल्वेमध्ये कर्मचाऱ्यांशी बोलण्यासाठी १९५२ पासून स्थायी वाटाघाट यंत्रणा आहे. विभागीय पातळीपासून रेल्वे मंडळापर्यंत तिच्या पायऱ्या, आणि वर तटस्थ अध्यक्षाच्या लवादाची सोय. देशातील कोणत्याही धंद्यात इतकी बांधेसूद यंत्रणा क्वचितच असेल. तरीही १९७३ साली इंजिन चालविणारे कर्मचारी संपावर गेले, कारण त्या टेबलाशी मान्यताप्राप्त महासंघ बसत होते आणि चौदा चौदा तास इंजिनावर उभ्या राहणाऱ्याचे दुखणे तिथे पोहोचत नव्हते. दहा तासांच्या कामाचे आश्वासन मिळाले ते संपाने, यंत्रणेने नव्हे. पुढच्या वर्षीचा संप तर इतिहासच आहे. बोलणी अद्याप तुटली नव्हती, अशा वेळी २ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली. संप ८ मे रोजी सुरू झाला आणि २७ मे रोजी मागे घेण्यात आला. हजारो माणसे तुरुंगात गेली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, रेल्वेच्या घरांतून संसार बाहेर काढले गेले. भुसावळच्या वसाहतींतील वृद्धांना तो मे महिना आठवत असेल. संपाच्या प्रमुख मागण्यांपैकी बोनसची मागणी १९७९ मध्ये उत्पादकतेशी निगडित बोनसच्या रूपाने मान्यही झाली. म्हणजे मागणी अशक्य नव्हती. ज्याच्याशी बोलावयाचे त्यालाच बोलण्याच्या मध्यावर तुरुंगात टाकल्यावर मात्र मध्यस्थाला बसावयास जागाच उरली नाही. सरकारची बाजू अशी की, अन्नधान्य आणि कोळसा यांची वाहतूक थांबली तर देश थांबेल. ती खोटी नव्हती. पण देश थांबण्याचे भय असलेल्या माणसाने बोलणी लांबवावयाची असतात.

मुंबईच्या गिरणी संपाची कथा वेगळी दिसते, पण आतून तीच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कायद्याचा हेतू चांगला होता. दहा संघटनांशी दहा करार करण्यापेक्षा एकीशी पक्का करार बरा, असे कोणालाही वाटेल. परंतु कामगार गेले एकीकडे आणि मान्यता राहिली दुसरीकडे. ज्यांच्याशी मालकांना कायद्याने बोलता येत होते त्यांच्या शब्दाला गिरणगावात किंमत नव्हती, आणि ज्यांच्या शब्दावर अडीच लाख माणसे घरी बसली होती त्यांच्याशी बोलणे कायद्यात बसत नव्हते. हा कायदाच रद्द करा, ही संपाची एक मागणी होती, यावरून काय ते समजावे. मालकांना तेव्हा समेट खरोखर हवा होता काय, याविषयी लेखकाला शंका आहे. जुनी यंत्रे आणि मोक्याच्या जमिनी असलेल्या मालकाला बंद गिरणीचे दुःख सारखेच होते असे मानता येत नाही. जळगावकरांनाही बंद गिरणी आणि तिची जमीन ही जोडी अपरिचित नाही. खानदेश मिलचा भोंगा ऐकून ज्यांच्या घरात भात शिजायला पडे, त्यांची नातवंडे आज त्या जागेवर खरेदीस जातात.

आणि हे सर्व जुने झाले म्हणावे, तर एस. टी.चा संप काल-परवाचा आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संघटनांच्या कृती समितीने उपोषण केले, महागाई भत्त्याची मागणी मान्य झाली आणि नेत्यांनी आंदोलन मागे घेतले. टेबलावरचा तंटा मिटला. आगारातला मिटला नाही. चालक आणि वाहक नेत्यांना मागे टाकून पुढे गेले, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात राज्यातील एस. टी. जवळजवळ ठप्प झाली. महामंडळाचे शासनात विलीनीकरण करा, ही मागणी घेऊन ते पाच महिन्यांहून अधिक काळ बसले. २४ नोव्हेंबरला मूळ वेतनात अडीच हजारांपासून पाच हजारांपर्यंत वाढ जाहीर झाली. एरवी अशा वाढीसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागते. पण बहुसंख्य कर्मचारी हलले नाहीत. अखेर उच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०२२ रोजी २२ एप्रिलपर्यंत कामावर येण्याची मुदत दिली, आणि गाड्या हळूहळू रस्त्यावर आल्या. विलीनीकरणाची मागणी व्यवहार्य होती की नव्हती, हा येथे विषय नाही. पैसे देऊ केल्यावरही माणसे का उठली नाहीत, हा विषय आहे. उशिरा आणि तुटपुंजा मिळणारा पगार, मुक्कामी गाडीवरची झोपण्याची व्यवस्था, वाहकाकडे संशयाने पाहणारी तपासणी, बदलीची टांगती तलवार: यातील बरेचसे आगार व्यवस्थापकाच्या खोलीत, एकेका माणसाशी बोलून ऐकता आले असते. तिथे ऐकले गेले नाही म्हणून ते सगळे एका मोठ्या शब्दात गोळा झाले. ‘विलीनीकरण’ हा तो शब्द. खेड्यातल्या विद्यार्थ्यांनी तो हिवाळा शाळेपर्यंत पायी चालण्यात काढला, याची नोंद कोणत्याही कराराच्या मसुद्यात नाही.

तिन्ही ठिकाणी टेबल होते. ज्याचे दुखत होते तो टेबलापाशी नव्हता. मध्यस्थाचे पहिले काम दोन्ही पक्षांना समजावणे हे नसून, दुसरा पक्ष खरोखर कोण आहे हे शोधून काढणे हे आहे. असोद्याच्या त्या तंट्यातही पक्ष दोन नव्हते, तीन होते. भाचा धरला पाहिजे.

चांगला समेट कसा दिसतो, याचे उदाहरण द्यावयाचे तर १९१८ च्या अहमदाबादकडे जावे लागते. प्लेगच्या साथीत दिलेला बोनस मालकांनी बंद केला आणि वेतनवाढीचा तंटा सुरू झाला. मालक वीस टक्के म्हणत. गांधीजींनी हिशेब पाहून कामगारांची पन्नास टक्क्यांची मागणी पस्तिसावर आणली. लवाद नेमला होता तो मोडला. तो मोडण्यास काही कामगारांची घाईही कारण झाली होती, आणि गांधीजींनी ती चूक कबूल केली होती. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई. कामगारांच्या बाजूने त्यांचीच बहीण अनसूयाबेन. एकाच घरातली दोन माणसे दोन बाजूंना, आणि तरीही घर तुटले नाही. कामगारांनी शपथ घेतली होती की पस्तीस टक्के मिळाल्याखेरीज कामावर जाणार नाही. मालकांचीही प्रतिज्ञा झाली होती की वीसपेक्षा अधिक देणार नाही. गांधीजींच्या तीन दिवसांच्या उपोषणानंतर १८ मार्चला जो तोडगा निघाला तो असा: पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, दुसऱ्या दिवशी वीस टक्के, आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निकाल येईपर्यंत साडेसत्तावीस. पहिल्या दिवशी कामगारांची शपथ राहिली, दुसऱ्या दिवशी मालकांची. आनंदशंकर ध्रुव यांनी लवाद म्हणून पुढे पस्तीस टक्क्यांचाच निकाल दिला. आकडेमोडीत रस असलेल्यांना पहिल्या दोन दिवसांचा हा खेळ पोरकट वाटेल. ज्याने एकदा भरसभेत शब्द दिला आहे आणि आता परत फिरावयाचे आहे, त्याला विचारावे. (उपोषणामुळे मालकांवर अयोग्य दडपण आले, हे गांधीजींनीच मान्य केले होते. तेथे ते मध्यस्थ नव्हते, एका बाजूचे पुढारी होते. हा फरक आमच्या पुढाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच राहतो.)

मध्यस्थीची एवढी भलामण केल्यावर तिची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याकडे गावच्या पंचांची परंपरा आहे आणि तिचा अभिमानही आहे. बांधाचे, वाटणीचे, पाटाच्या पाण्याचे कितीतरी तंटे पारावर मिटले. १५ ऑगस्ट २००७ पासून शासनाने तंटामुक्त गाव मोहीम काढली तिच्या मुळाशी हीच परंपरा होती. पण पारावर कोण बसत असे? ज्याच्या पदरी जमीन आणि जात दोन्ही होत्या तो. स्त्रीचे म्हणणे तिच्या घरचा पुरुष सांगे, आणि गावकुसाबाहेरच्याला ‘मिटवून घे’ याचा अर्थ ‘गिळून टाक’ असा असे. तंटा मिटणे आणि तंटा दबणे यांत बाहेरून काही फरक दिसत नाही. कचेरीतही नेमके हेच घडते. एखाद्या तरुण शिक्षिकेने वरिष्ठाच्या वर्तनाविषयी तक्रार केली की स्टाफरूममधील समंजस मंडळी मध्यस्थीला धावतात: संस्थेची बदनामी होईल, त्यांची निवृत्ती जवळ आली आहे, तुमचेही वय लहान आहे. ही मध्यस्थी नव्हे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने याबाबत स्पष्ट रेषा आखली आहे. समेटाचा प्रयत्न झालाच तर तो त्या स्त्रीने मागितला असेल तरच, आणि पैशाच्या आधारावर तर मुळीच नव्हे. जातीवरून केलेल्या अपमानाचेही तसेच. जिथे एक गुन्हेगार आणि दुसरा पीडित आहे तिथे दोघांच्या मध्ये उभा राहणारा साहेब तटस्थ नसतो, तो एकाच्या बाजूला उभा असतो.

आता पुन्हा त्या समितीकडे. आमच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, आणि त्यांना हे सांगितले पाहिजे की ही संहिता आपल्या शाळेला लागू पडेल अशी आशा त्यांनी धरू नये. शिक्षक हा औद्योगिक कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ मध्येच म्हटले आहे. खासगी शाळांतील शिक्षकांना १९७७ च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरण दिले. पण तिथे जाता येते ते बडतर्फी, पदावनती, डावललेली पदोन्नती अशा मोठ्या अन्यायासाठी. वेळापत्रकात रोज शेवटचा तास कोणाला, जनगणनेची आणि निवडणुकीची कामे कोणाच्या माथी, वरच्या वर्गाची पुस्तके कोणाकडे, अशा गोष्टींसाठी न्यायाधिकरण नाही. मुख्याध्यापिकेची खोली आहे, आणि ती बंद असेल तर स्टाफरूम. अशा शाळांना समिती नेमण्यास कायद्याने भाग पाडलेले नाही, तशी मनाईही केलेली नाही. एखाद्या संस्थेने ती आपण होऊन नेमली तर पहिल्याच दिवशी एक गोष्ट लिहून ठेवावी लागेल: तक्रार मुख्याध्यापकांविरुद्ध असली तर ती कोण ऐकणार? शेजारच्या गावच्या शाळेतून निवृत्त झालेले एखादे गुरुजी किंवा बाई चालतील. संस्थाचालकांचा पुतण्या चालणार नाही.

कारखान्यांच्या समितीविषयी लेखकाला पहिल्या वर्षाचे कुतूहल आहे. अध्यक्षपद आळीपाळीने जावयाचे, म्हणजे कधीतरी एका वर्षी डाळमिलचा एखादा हमाल किंवा यंत्रावरचा कामगार अध्यक्ष होईल, आणि मालकाचा मुलगा सभासद म्हणून त्याच्या डाव्या हाताला बसेल. बैठक मालकाच्या खोलीत होईल की गोदामाशेजारच्या बाकावर? कामाच्या वेळेत होईल की पाळी सुटल्यावर, जेव्हा असोद्याकडे जाणाऱ्या कामगाराचे लक्ष शेवटच्या रिक्षाकडे असते? इतिवृत्त कोणत्या भाषेत लिहिले जाईल, आणि त्यावर सही करण्यापूर्वी ते कोणी मोठ्याने वाचून दाखवील काय? कामगार अधिकाऱ्याने तपासणीस आल्यावर समितीच्या फलकाऐवजी ते वहीचे पान मागावे.